टेपवरचा टीव्ही फाइलमध्ये आणताना

व्हीएचएस कॅसेटची एक गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते. एका घरात रेकॉर्ड केलेली कॅसेट दुसऱ्या घरातल्या, दुसऱ्याच कंपनीच्या व्हीसीआरमध्ये सरळ चालायची. चित्र धूसर असेल, लाल रंग कडेला सांडलेला असेल, पण रेकॉर्डिंग आपलं होतं आणि ते उचलून कुठेही नेता यायचं. पुढे हार्ड डिस्कवाले रेकॉर्डर आले. चित्र लख्ख झालं, कॅसेट मागेपुढे करण्याचा त्रास संपला, पण बहुतेक घरांतलं रेकॉर्डिंग एका डब्यात बंद होऊन बसलं. आमच्याकडचा असा एक बॉक्स बिघडला तेव्हा आतली डिस्क धडधाकट होती. तरीही त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बॉक्सने ती वाचायला नकार दिला, कारण त्यातल्या फाइली पहिल्या बॉक्सच्या किल्लीने कुलूपबंद केलेल्या होत्या. वडिलांनी त्याच्या कितीतरी आधी भरलेल्या कॅसेटी मात्र अजून चालत होत्या.

म्हणून इथे दोन कामं एकत्र सांगतो: जुनं रेकॉर्डिंग टेपवरून नीट उतरवून घेणं, आणि यापुढे टीव्ही असा रेकॉर्ड करणं की फाइल आपल्या हातात राहील. पहिलं काम जास्त नाजूक आहे, त्यामुळे तिथे जास्त वेळ थांबणार आहे.

आधी घाईचं कारण. जेव्हीसीने व्हीएचएस १९७६ मध्ये जपानात बाजारात आणलं. व्हीसीआर बनवणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आज जगात जेवढे चालू व्हीसीआर आहेत, त्यांची संख्या फक्त कमीच होत जाणार. टेपवरचं चित्र वाचणारी हेड झिजतात, रबरी पट्टे सैल होतात, टेप ओढणारा रबरी रोलर कडक होऊन गुळगुळीत पडतो. कोरड्या, थंड जागी उभी ठेवलेली कॅसेट बरीच वर्षं टिकते. मला टेपपेक्षा मशीनची काळजी जास्त वाटते. चांगला व्हीसीआर हाताशी असेल तर काम आत्ताच सुरू करा.

कोणत्या कॅसेटी आधी

विकतच्या सिनेमांच्या कॅसेटी बाजूला ठेवा. ते सिनेमे बहुधा दुसरीकडे चांगल्या प्रतीत मिळतात. शिवाय त्यांतल्या कितीतरी कॅसेटींवर मॅक्रोव्हिजन हे कॉपी रोखणारं तंत्र असतं. त्यामुळे कॅप्चर करताना चित्र उजळतं-मंदावतं. आधी हात घाला तो टीव्हीवरून घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटींना. बातम्या, चर्चा, सामन्यांचं थेट प्रक्षेपण, प्रश्नमंजूषा, मुलांचे कार्यक्रम, निवेदन. हे सगळं वाहिनीकडे जपलेलं असेलच, असं गृहीत धरू नका. बीबीसीसारख्या संस्थेनेही १९६० आणि १९७० च्या दशकांत अनेक कार्यक्रमांच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. उलट फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये निधन होईपर्यंत घरी अखंड टीव्ही रेकॉर्ड केला. त्यांच्या सुमारे ७० हजार कॅसेटी नंतर इंटरनेट आर्काइव्हकडे जतनासाठी गेल्या. घरातली कॅसेट हीच एकमेव प्रत असू शकते, असं धरूनच मी प्रत्येक कॅसेट हाताळतो.

वडील कॅसेटच्या पाठीवर पेन्सिलीने कार्यक्रमाचं नाव लिहायचे आणि वरून दुसरं काही रेकॉर्ड केलं की ते खोडायचे. हे खोडलेलं नाव फार कामाचं असतं. नवा कार्यक्रम जिथे संपतो तिथे चित्र क्षणभर तुटतं आणि त्याखालच्या जुन्या रेकॉर्डिंगचा उरलेला तुकडा सुरू होतो. आत्या स्पर्धक म्हणून बसलेली प्रश्नमंजूषा मला अशीच एका सिनेमाच्या मागे शेपटासारखी उरलेली सापडली. तेव्हा लेबलवर काहीही लिहिलेलं असो, कॅसेट अगदी शेवटपर्यंत चालू द्या. मुंग्या दिसायला लागल्या म्हणून लगेच थांबवू नका. मधला कोरा पट्टा संपून पुढे पुन्हा काहीतरी निघतं.

जाहिरातीही कापू नका. कार्यक्रमाची तारीख लागते ती बहुधा त्यांच्यावरूनच. पुढच्या आठवड्याची घोषणा, पडद्यावरचं घड्याळ, एखाद्या सिनेमाच्या प्रदर्शनाची जाहिरात यांतून वर्ष आणि कधीकधी नेमका दिवसही हाती येतो.

आणखी एक प्राधान्य: लाँग प्ले म्हणजे एलपी वेगात भरलेल्या कॅसेटी. पाल पद्धतीच्या (भारत-युरोपातली टीव्ही-चित्राची पद्धत; अमेरिका-जपानातली ती एनटीएससी) १८० मिनिटांच्या कॅसेटवर एलपीमध्ये सहा तास मावायचे, म्हणून काटकसरी घरांमध्ये तोच वेग वापरला जायचा. त्यात टेपवरचे माग अरुंद होतात आणि दुसऱ्या मशीनला ते नेमके पकडणं जड जातं. ज्या व्हीसीआरवर त्या भरल्या तोच अजून चालत असेल, तर या कॅसेटी सर्वांत आधी उतरवा.

कॅसेट हातात घेतल्यावर

पहिली गोष्ट: पाठीच्या कडेला असलेलं प्लास्टिकचं छोटं पान तोडा. ते असेपर्यंत चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तर टेप पुसली जाईल. पान आधीच तुटलेलं असेल आणि त्यावर चिकटपट्टी लावलेली असेल तर ती काढून टाका.

मग कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आत पाहा. गुंडाळीच्या कडेवर पांढरी पूड किंवा कापसासारखे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडवर चिकटते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. अशा कॅसेटी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि टेप स्वच्छ करण्याची साधनं असलेल्या माणसाकडे द्या. टेप तुटली असेल तर साधी चिकटपट्टी अजिबात लावू नका. तिचा गोंद पाझरतो आणि हेडवर बसतो. टेप जोडण्यासाठी वेगळी पट्टी मिळते, आणि जोड नेहमी मागच्या बाजूने, म्हणजे हेड जिथे घासत नाही त्या बाजूने द्यायचा असतो.

थंड जागेतून आणलेली कॅसेट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, निदान काही तास. टेपवर दमट थर धरला तर ती हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला चिकटते. त्यानंतर कॅसेट शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एकाच ताणात राहिलेली गुंडाळी त्याने सारखी होते आणि चित्राची थरथर कमी होते. जुनी कॅसेट पॉझवर ठेवू नका. पॉझमध्ये टेप थांबते पण हेड फिरतच राहतं, आणि त्याच जागी घासत राहतं.

मशीनची सफाई

हे समजून घेतलं की पुढची सगळी काळजी आपोआप पटते. पाल पद्धतीच्या व्हीएचएसमध्ये टेप सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. पण हेड बसवलेला ड्रम ६२ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि सेकंदाला २५ फेऱ्या मारतो, त्यामुळे हेड टेपवरून सेकंदाला जवळजवळ ५ मीटर वेगाने तिरकं जातं. प्रत्येक तिरक्या रेघेत चित्राचं एक फील्ड, म्हणजे अर्धी चौकट. इतक्या बारीक मागावर धुळीचा एक कण आला तरी पडद्यावर पांढरी चमक उठते.

मशीनची वायर भिंतीतून काढा, झाकण उघडा आणि वीजपुरवठ्याच्या भागाला हात लावू नका; वायर काढल्यावरही तिथले कपॅसिटर काही काळ भारलेले असतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं मऊ चामडं किंवा त्याची काडी घ्या. ओली काडी ड्रमला हलकेच टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवा. काडी स्थिर, ड्रम फिरता. वर-खाली कधीही घासू नका, हेडचं टोक तुटतं. कान साफ करायची कापसाची काडी ड्रमवर नको; कापसाचा धागा हेडमध्ये अडकतो. टेपच्या वाटेतले धातूचे खांब आणि आवाजाचं स्थिर हेड मात्र कापसाने पुसलं तरी चालतं. सगळं पूर्ण सुकल्यावर पहिल्यांदा जी गेली तरी चालेल अशी कॅसेट लावून पाहा. मशीन टेप चावत नाही, कडा दुमडत नाही, हे दिसल्यावरच घरची कॅसेट घाला.

वायरी आणि मधला दुवा

व्हीसीआरमागच्या अँटेनाच्या भोकातून सिग्नल घेऊ नका. तो सर्वांत खराब. पिवळ्या वायरीचं कंपोझिट त्याहून बरं. मशीन एस-व्हीएचएस जातीचं असेल तर त्याला एस-व्हिडिओ असतं, आणि ते नक्की वापरा. व्हीएचएस टेपवर उजेड-अंधाराची माहिती आणि रंगाची माहिती वेगवेगळ्या पट्ट्यांत लिहिलेली असते. कंपोझिटमध्ये दोन्ही एका तारेत मिसळली जातात आणि पुढच्या यंत्राला ती परत वेगळी काढावी लागतात. त्यात कडांवर इंद्रधनुष्यासारखे रंग उमटतात. एस-व्हिडिओत ती शेवटपर्यंत वेगळी राहतात.

आवाजाचंही तपासा. हाय-फाय मशीन असेल तर टेपवर आवाज दोन जागी असतो: चित्राच्या मागांखाली खोलवर हाय-फाय, आणि कडेच्या सरळ पट्टीवर साधा. हाय-फाय चांगला, पण ट्रॅकिंग (हेड आणि टेपवरचे माग यांची जुळणी) जरा हललं की तो फुरफुरतो. तसं झालं तर साध्या पट्टीवर बदला आणि ऐका.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात ती. टेप कधीच अगदी सारख्या वेगाने चालत नाही. जुन्या ट्यूबच्या टीव्हीला ते चालून जायचं, पण संगणकाला चौकट नेमक्या वेळेला लागते. वेळ चुकली की तो चौकटी गाळतो किंवा दोनदा घेतो, उभ्या रेषा वाकड्या दिसतात आणि तासाभरात ओठ व आवाज यांची फारकत होते. यावर उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी. काही चांगल्या एस-व्हीएचएस मशीनमध्ये तो आतच असतो. नसेल तर हार्ड डिस्क नसलेला साधा डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडा: व्हीसीआरची वायर त्याच्या इनपुटला, त्याच्या आउटपुटची वायर संगणकाकडे. डिस्क घालायची नाही, फक्त सिग्नल त्यातून पार करायचा. काही मॉडेलांतली आतली सर्किटं रेषा चांगल्याच सरळ करतात. अ‍ॅनालॉग इनपुट असलेला मिनीडीव्ही किंवा डिजिटल-८ कॅमेराही असा दुवा होऊ शकतो. तो चित्र डीव्ही स्वरूपात बदलून फायरवायर या जुन्या जोडणीतून देतो, तासाला साधारण १३ जीबी. घरगुती बातम्या-चर्चांसाठी मला ही पद्धत पूर्ण समाधानकारक वाटते.

कॅप्चर

यूएसबीचा कॅप्चर डोंगल घेताना एकच प्रश्न विचारा: तो न दाबलेलं (कॉम्प्रेस न केलेलं) चित्र संगणकाला देतो का? जे स्वतःच एमपीईजीत दाबून थेट पेनड्राइव्हवर फाइल टाकतात, ते सोयीचे दिसतात, पण त्यांनी एकदा गाळलेला तपशील परत येत नाही. टेपवरचे ठिपके आणि खरखर दाबताना जागा खातात आणि चेहऱ्यांचा तपशील मारला जातो.

व्हर्च्युअलडबसारख्या प्रोग्रॅममध्ये ठेवायच्या गोष्टी अशा. पाल कॅसेट असेल तर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चौकटी. एनटीएससी असेल तर ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७. रंग ४:२:२. आवाज ४८ किलोहर्ट्झ, न दाबलेला. कोडेक, म्हणजे चित्र साठवायची पद्धत, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१; दोन्ही काहीही न गाळणारे. तासाला साधारण ३० जीबीची तयारी ठेवा, खरखर जास्त असेल तर त्याहून अधिक. डीइंटरलेस (फील्डांपासून पूर्ण चौकटी बनवणं) बंद. तीक्ष्णता वाढवणं, रंग उठावदार करणं, सगळं बंद.

रेकॉर्ड दाबण्यापूर्वी कॅसेटमधला सर्वांत उजळ भाग शोधा: पांढरा शर्ट, आकाश, पाटीवरची अक्षरं. पांढऱ्याचा तपशील सपाट झालेला दिसला तर कॅप्चरच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट उतरवा. चित्र जरा फिकं दिसलं तरी चालेल, ते नंतर सुधारता येतं. जळालेला पांढरा परत येत नाही. मग ट्रॅकिंग हाताने फिरवून खालच्या पट्टीची गडबड कमीत कमी करा आणि कॅसेट सुरुवातीपासून लावा.

चित्राच्या अगदी तळाशी काही ओळी तिरक्या, फाटक्या दिसतात. ती मशीनची खोड नाही. एक हेड टेप सोडतं आणि दुसरं पकडतं, तो बदल तिथे दिसतो. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड तो लपायचा. मूळ फाइलमधून तो कापू नका. बघायच्या प्रतीत हवं तर त्यावर काळी पट्टी टाका.

पाल कॅसेटींबाबत एक जास्तीची गोष्ट आहे. ज्या वाहिन्यांवर टेलिटेक्स्ट (प्रक्षेपणासोबत येणारी मजकुराची पानं) होतं, त्यांचे रेकॉर्डिंग चालू असताना ती पानंही न दिसणाऱ्या वरच्या ओळींमधून टेपवर उतरली आहेत. ती अर्धवट असतात, पण वारंवार आलेली पानं एकमेकांशी जुळवून ती परत वाचणारं मोफत सॉफ्टवेअर आता आहे. नेहमीचा डोंगल त्या ओळी टाकून देतो. ज्यांना त्यात रस असेल त्यांनी त्या ओळी घेणारं कार्ड शोधावं, किंवा थेट हेडचा कच्चा सिग्नल साठवणाऱ्या व्हीएचएस-डीकोड प्रकल्पाकडे वळावं. दुसरा मार्ग सर्वांत उत्तम दर्जाचा आहे. मशीन उघडून तार जोडण्याची तयारी मात्र हवी.

एका कॅसेटच्या दोन फाइली

मूळ फाइल जशी आली तशी ठेवायची, तिला हात लावायचा नाही. तिच्यावरून घरच्यांना बघण्यासाठी दुसरी बनवायची, एच.२६४ या चित्र दाबून साठवणाऱ्या पद्धतीत. सेकंदाला ४ मेगाबिट धरले तर तासाला १.८ जीबी होतात आणि व्हीएचएससाठी ते पुरेसे आहेत.

इथे डीइंटरलेस करावंच लागतं, आणि बरेच जण इथेच चित्राची अर्धी गती घालवतात. पाल व्हिडिओत सेकंदाला २५ चौकटी असल्या तरी ५० फील्ड असतात, आणि स्टुडिओत किंवा मैदानावर चित्रित केलेल्या कार्यक्रमात प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं असतं. ते २५ वर आणलं की चेंडू अडखळत जातो आणि थेट प्रक्षेपणाचा जिवंतपणा निघून जातो. म्हणून सेकंदाला ५० चौकटी करणारा पर्याय निवडा. हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅममध्ये बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर हे काम झटपट करतो. क्यूटीजीएमसी हा दुसरा फिल्टर सर्वांत सुंदर करतो, पण वेळ घेतो. फील्डचा क्रमही बघा: डीव्ही फाइलमध्ये खालचं फील्ड आधी असतं, साध्या कॅप्चरमध्ये बहुधा वरचं. क्रम उलटा असेल तर हलणारी प्रत्येक गोष्ट पुढे-मागे थरथरते, ते लगेच लक्षात येतं.

चित्राचं प्रमाण ४:३ म्हणून नोंदवा. ७२० बाय ५७६ हे बिंदू चौकोनी नसतात. नोंद नसेल तर माणसं किंचित अरुंद, उभट दिसतात. आणि रुंद पडदा भरावा म्हणून चित्र १६:९ मध्ये ताणणं तर नकोच.

यापुढचं रेकॉर्डिंग

डिजिटल रेकॉर्डिंग घराघरांत न्यायला सुरुवात झाली ती १९९९ मध्ये, टिव्हो आणि रिप्लेटीव्ही या हार्ड डिस्कवाल्या रेकॉर्डरांपासून. चालू कार्यक्रम थांबवता येणं आणि एक रेकॉर्ड होत असताना त्याचीच सुरुवात बघता येणं, टेपवर हे अशक्यच होतं. त्या पहिल्या पिढीतली यंत्रं अ‍ॅनालॉग सिग्नल स्वतः दाबून साठवत. आज प्रक्षेपण मुळातच डिजिटल असतं, त्यामुळे रेकॉर्डरला काही दाबावं लागत नाही. ट्रान्सपोर्ट स्ट्रीमची, म्हणजे प्रक्षेपणाच्या डिजिटल प्रवाहाची, १८८ बाइटची पाकिटं येतात तशी तो लिहून ठेवतो. प्रक्षेपणाची आणि रेकॉर्डिंगची प्रत अगदी सारखी. टेपच्या काळात ज्याला आपण कधी पोचू शकलो नाही ते हे, आणि म्हणूनच ते कुलूपबंद डब्यात अडकलेलं पाहून मला वाईट वाटतं.

बॉक्स घेण्यापूर्वी तपासा: यूएसबी डिस्कवर केलेलं रेकॉर्डिंग काढून संगणकावर उघडतं का? अनेक बॉक्स डिस्क स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतात आणि फाइली कुलूपबंद करतात. अशा बॉक्सवर बघून पुसून टाकायचे कार्यक्रम ठेवायला हरकत नाही. जपायचं असेल ते तिथे ठेवू नका. बॉक्सच्या एचडीएमआयमधून कॅप्चर करू असं मनात असेल, तर तिथे एचडीसीपीचं संरक्षण असतं आणि कॅप्चर यंत्राला काळा पडदा मिळतो.

माझ्या मते सर्वांत सरळ रस्ता म्हणजे मोफत, उघड्या वाहिन्यांसाठी संगणकाला जोडलेला, प्रक्षेपण पकडणारा ट्यूनर आणि टीव्हीहेडएंड, मिथटीव्ही किंवा नेक्स्टपीव्हीआरसारखा प्रोग्रॅम. एक फायदा कमी लोकांना माहीत असतो: डिजिटल प्रक्षेपणात एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक वाहिन्या एकत्र येतात. त्यामुळे टीव्हीहेडएंडसारख्या प्रोग्रॅमने एकाच ट्यूनरवर त्या गटातल्या दोन-तीन वाहिन्या एकाच वेळी रेकॉर्ड होतात. वेळापत्रक प्रक्षेपणातूनच येतं. तरी सुरुवातीला पाच आणि शेवटी पंधरा मिनिटं जास्तीची ठेवा. थेट कार्यक्रम लांबतात. एक सुटा कार्यक्रम लावण्याऐवजी मालिकेचा नियम लावला तर वेळ बदलली तरी भाग चुकत नाही.

अँटेनाकडे टेपच्या काळापेक्षा जास्त लक्ष द्या. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या वाढायच्या, पण कार्यक्रम समजायचा. डिजिटलमध्ये चित्र ठोकळ्यांत फुटतं, आवाज तुटतो आणि तेवढा भाग कायमचा जातो. प्रोग्रॅममध्ये सिग्नलच्या जोराइतकाच दर्जाचा आकडा आणि चुकांची मोजणी बघा. जोर भरपूर आणि चुका वाढत्या, असं दिसलं तर वायरीचे जोड आणि अँटेनाची दिशा तपासा.

रेकॉर्ड झालेली फाइल पुन्हा दाबू नका. एफएफएमपेगने फक्त आवरण बदलून एमकेव्हीमध्ये न्या. चित्र-आवाज तसेच राहतात. नेताना सगळे आवाज आणि उपशीर्षकं सोबत घ्यायला सांगा, नाहीतर तो प्रत्येकी एकच निवडतो. पुढचा-मागचा भाग कापायचा असेल तर तो मुख्य चौकटींवरच कापला जातो, त्यामुळे एखादा सेकंद इकडेतिकडे होतो. जागेचा अंदाज सोपा आहे: वाहिनी सेकंदाला ८ मेगाबिट पाठवत असेल तर तासाला ३.६ जीबी.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनी विरुद्ध युनिव्हर्सल खटल्यात, नंतर बघण्यासाठी घरी टीव्ही रेकॉर्ड करणं वैध ठरवलं, पाच विरुद्ध चार मतांनी. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, तेव्हा आपले बघून घ्या. स्वतःसाठी जपणं आणि सार्वजनिक ठिकाणी चढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नावं आणि जागा

फाइलचं नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. यादी आपोआप क्रमाने लागते. तारीख अंदाजाने लावली असेल तर नावातच तसं लिहा. प्रत्येक कॅसेटसाठी साधी मजकुराची फाइल ठेवा: लेबलवर काय लिहिलं होतं (खोडलेलंसुद्धा), कुठल्या मशीनवर लावली, एसपी (साधा वेग) की एलपी, कितव्या मिनिटाला काय आहे. कॅसेटच्या पाठीचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका. वडिलांचं अक्षर मी असंच प्रत्येक फाइलसोबत ठेवलं आहे.

मूळ फाइलींच्या दोन प्रती, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि शक्य असेल तर तिसरी दुसऱ्या घरी. पेनड्राइव्ह किंवा एसएसडी कपाटात ठेवून विसरून जायचं साधन नाही. वीज न मिळता पडून राहिले तर त्यांतला साठा कालांतराने उडतो. घरी लिहिलेल्या डीव्हीडीचा रंगाचा थरही खराब होतो, म्हणून डीव्हीडीवर काही असेल तर तेही या कामातच उतरवून घ्या. प्रत्येक फाइलचा शा-२५६ आकडा (फाइलमधल्या माहितीवरून निघणारा जणू तिचा ठसा) काढून सोबत ठेवा आणि वर्षातून एकदा प्रोग्रॅमकडून तो जुळवून घ्या. ज्या डिस्कवर एखादा आकडा जुळला नाही, ती बदला आणि दुसऱ्या प्रतीवरून फाइल परत आणा.

उतरवून झालेल्या कॅसेटी टाकू नका. त्या मागे गुंडाळून, उभ्या, स्पीकर आणि मोटारींपासून दूर, कोरड्या जागी ठेवा. पुढे त्याच टेपवरून याहून चांगली प्रत काढता येईल.